औषधाचा खर्च आणि उपचाराची खरी किंमत

घरात आजारपण आले की दोन प्रकारचे सल्ले कानावर पडू लागतात. एक जण म्हणतो, "उगीच वेळ घालवू नका, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या." दुसरा म्हणतो, "डॉक्टरांच्या नादी लागलात तर घर विकावे लागेल. त्यापेक्षा झाडपाला घ्या, निसर्गोपचार करा. गुण नाही आला तरी अपाय होणार नाही." दोघेही आपल्या भल्यासाठीच बोलत असतात. परंतु एकाने मोठ्या खर्चाला मोठा उपचार मानलेले असते आणि दुसऱ्याने कमी खर्चाला चांगला उपचार मानलेले असते. या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात, एवढाच आमच्या लेखाचा हेतू आहे. कोणत्याही एका पॅथीची तरफदारी आम्हाला करावयाची नाही.

हा विषय साधा नाही, याचे कारण आजारपणाचा खर्च आजही बऱ्याच अंशी आपल्या खिशातूनच जातो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ६४ टक्के भार लोकांनी स्वतः उचलला होता. २०२१-२२ पर्यंत हा भार सुमारे ३९ टक्क्यांवर आला. प्रमाण घटले ही समाधानाची बाब आहे, पण तेव्हाही शंभरातले ३९ रुपये घरातूनच जात होते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत असे दिसले की बाळंतपण वगळता, एकदा रुग्णालयात दाखल झाल्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,४५० रुपये, तर खाजगी रुग्णालयात सुमारे ३१,८५० रुपये आला. मोलमजुरी करणाऱ्या घरात एवढी रक्कम शिल्लक नसते. मग उसनवारी होते, दागिना गहाण पडतो, मुलीचे शिक्षण एक वर्ष पुढे ढकलले जाते आणि कधी कधी ते कायमचेच सुटते.

म्हणून उपचाराचा जमाखर्च मांडायला शिकणे हा आम्ही शिक्षणाचाच भाग समजतो.

शब्दांचा अर्थ आधी नीट समजून घेऊ

आपल्याकडे ॲलोपॅथी हा शब्द रूढ आहे. तिला आपण आधुनिक वैद्यक म्हणू. आयुर्वेद, युनानी, सिद्ध व होमिओपॅथी या स्वतंत्र पद्धती असून त्यांची स्वतःची औषधे आहेत. निसर्गोपचार ही आणखी वेगळी गोष्ट आहे. त्यात औषध जवळपास नसते. आहार, उपवास, पाणी, माती, ऊन, मालिश, व्यायाम व विश्रांती यांवर भर असतो. महाराष्ट्रात या पद्धतीची जुनी परंपरा आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. त्याच जागी १९८६ मध्ये राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली. पुण्याजवळच्या उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने उभा राहिला. यांशिवाय घरगुती उपाय, वैदूची मुळी आणि हल्ली दुकानात 'हर्बल' म्हणून विकले जाणारे डबे आहेत. बोलताना आपण या सर्वांना 'नैसर्गिक' या एकाच पिशवीत भरतो. पण फिरायला जाणे आणि हजार रुपयांचा डबा विकत घेणे यांचा हिशोब एका खात्यात मांडता येणार नाही.

आधुनिक उपचार महाग का पडतो?

आधुनिक औषधे मुळातच महाग असतात, असा समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. महाड परिसरात काम केलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण पाहा. कोकणात तांबडा विंचू चावून कितीतरी माणसे, विशेषतः लहान मुले दगावत. विष चढून गंभीर झालेल्यांपैकी शंभरात तीस-चाळीस जणांचा मृत्यू होई. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी या विषबाधेत हृदयाला वाचवते, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. ही गोळी स्वस्त आहे आणि ग्रामीण दवाखान्यातही देता येते.

मग पैसा जातो कोठे? आमच्या मते तीन वाटांनी जातो.

पहिली वाट ब्रँडच्या नावाची. एकच औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरांत असते, आणि आत कोणते औषध किती मिलिग्रॅम आहे हेही छापलेले असते. ते मूळ नाव वाचण्याची सवय प्रत्येक घरातील एका शिकलेल्या मुलाने तरी लावून घ्यावी. २००८ मध्ये सुरू झालेल्या जन औषधी योजनेची दुकाने आता देशभर हजारोंनी आहेत. तेथे मूळ नावाची औषधे मिळतात. बाजारातल्या ब्रँडपेक्षा ती ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात, असे सरकारचे म्हणणे आहे. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांत वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. तेथे हा फरक वर्षाच्या हिशोबात मोठा होतो.

दुसरी वाट अनावश्यक उपचाराची. अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. अर्धा लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे पाच चमचे. त्यातून साधारण शंभर कॅलरी मिळतात. एक पोळी खाल्ल्याने एवढी शक्ती सहज मिळते. ज्याला तोंडाने काही घेता येत नाही, ज्याच्या अंगातील पाणी फार कमी झाले आहे, त्याला सलाईन जीवनदान देते. ज्याला चहा पिता येतो त्याला तिचा काय उपयोग? हीच गोष्ट साध्या सर्दी-पडशावर घेतल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकची. सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते. पैसे तर जातातच, शिवाय जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी ते लागू पडत नाही. यात सारा दोष डॉक्टरांचाच, असेही म्हणता येणार नाही. सुई न टोचणारा डॉक्टर आपल्याला डॉक्टरच वाटत नाही.

तिसरी वाट उशिराची. रक्तदाबाची गोळी टाळली की पुढे पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार उद्भवू शकतो, आणि डायलिसिसचा खर्च रोजच्या गोळीच्या तुलनेत डोंगराएवढा असतो. मोठ्या बिलांपैकी पुष्कळशी बिले ही आधी न केलेल्या छोट्या खर्चाची असतात.

नैसर्गिक उपचार खरोखर स्वस्त आहेत का?

काही उपचार स्वस्त तर आहेतच, शिवाय कसोटीला उतरलेलेही आहेत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचे त्यांनी गट केले. एका गटाला नेहमीचा सल्ला दिला. दुसऱ्याला आहार व चालण्या-व्यायामाचा नियम लावून दिला. तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी दिली. चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातील शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण ३९ होते आणि गोळीच्या गटात सुमारे ४०. दोन्ही एकत्र देऊनही अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे मधुमेह होण्याआधी रोजचे चालणे आणि ताटातला बदल यांनी गोळीइतकेच काम केले. त्याला दमडीही लागत नाही.

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. हा अभ्यास मधुमेह होण्यापूर्वीच्या अवस्थेचा आहे. मधुमेह झाल्यावर गोळ्या टाकून द्याव्यात, असा त्याचा अर्थ नाही. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांना तर इन्सुलिनवाचून जगताच येत नाही. १९२२ मध्ये टोरांटो येथे पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना केवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवले जाई. उपवासाचा उपचार तेव्हा होताच, पण तो मुलांना वाचवू शकला नाही.

आता दुसरी बाजू. निसर्गोपचार केंद्रात दहा-पंधरा दिवस राहायचे तर राहण्या-जेवणाचे शुल्क, प्रवास आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी द्यावी लागते. पगारी रजा असलेल्या नोकरदाराला ते परवडते, रोजंदारीवरच्या माणसाला नाही. 'हर्बल' डबे तर महिन्याला ठरावीक रक्कम मागतात आणि ते कधी थांबवायचे हे कोणीच सांगत नाही.

आणि 'गुण नाही आला तरी अपाय नाही' हे वाक्य तर अजिबात खरे नाही. सर्पगंधेचे उदाहरण पाहा. या वनस्पतीच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्या काळी रक्तदाबावर ते मोठे औषध ठरले. परंतु काही रुग्णांत त्याने खिन्नता येते असेही दिसले आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला. मुळी नैसर्गिकच होती. जी वस्तू शरीरावर परिणाम करते ती दुष्परिणामही करू शकते, मग ती झाडावरची असो की कारखान्यातली.

२००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी सुरू झाला. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांचा आहे. आपण त्यातून एवढेच घ्यावे की काढासुद्धा मोजून, जाणकाराला विचारून घ्यायचा असतो, आणि आपण काय घेतो ते डॉक्टरांपासून लपवायचे नसते.

गुण आला, तो कशाने?

एखाद्या उपायाने बरे वाटले की तो उपाय खरा, असे आपण धरून चालतो. येथेच फसगत होते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक रुग्णांत विश्रांती व हलका आहार यांनी काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या आठवड्यांत माळ घातली, डोळ्यात-नाकात रस सोडला किंवा हात धुवून 'कावीळ उतरवली', तरी श्रेय त्या उपायालाच मिळते. हात धुण्याच्या प्रकारात हाताला झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. चुन्याच्या निवळीशी त्याचा संयोग झाला की पाणी पिवळे होते. कावीळ नसलेल्या माणसाच्या हातांनीही ते तसेच होईल. विद्यार्थ्यांना शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग समजून घेता येईल.

परंतु सगळ्या काविळी सारख्या नसतात. ब आणि क प्रकारचा यकृतदाह रक्तावाटे पसरतो, वर्षानुवर्षे आत राहतो आणि यकृत निकामी करू शकतो. पित्तनलिकेत खडा अडकूनही कावीळ होते आणि तेथे माळेचा काहीच उपयोग नसतो. डोळे पिवळे झाले हे एकच लक्षण, पण कारणे अनेक. कारण शोधण्यासाठी रक्ताच्या तपासणीला जे थोडे पैसे पडतात, तो खर्च वाया जात नाही.

मग पारंपरिक ज्ञान टाकाऊ समजायचे काय? मुळीच नाही. ते तपासून घ्यायचे. चीनच्या संशोधक तू यूयू यांनी जुन्या वैद्यकग्रंथांतून तापावरची वनस्पती शोधली, ती प्राण्यांवर व माणसांवर तपासली आणि त्यातून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज मधुमेहात सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळीही युरोपातील एका वनस्पतीतल्या द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे आली. कसोटीला उतरलेला झाडपाला आधुनिक वैद्यक स्वीकारते. म्हणून 'देशी की विदेशी', 'नैसर्गिक की रासायनिक' हा प्रश्न गौण आहे. तपासले आहे काय, आणि कोणी, किती जणांवर तपासले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

स्वस्त उपाय आणि शास्त्र यांची सांगड

घरचा उपाय आणि शास्त्र एकत्र आले की काय होते, याची दोन उदाहरणे प्रत्येकाने लक्षात ठेवावीत.

पहिले मीठ-साखरेच्या पाण्याचे. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषले जाते आणि मिठापाठोपाठ पाणीही. नुसत्या पाण्याने हे साधत नाही. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ जास्त होऊ देऊ नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा जुलाबात रक्त दिसले, तर मात्र पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. क्षयाच्या जंतूंवर औषधांशिवाय उपाय नाही. साध्या क्षयावर सहसा सहा महिने औषध घ्यावे लागते आणि सरकारी कार्यक्रमात ते मोफत मिळते. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडल्या तर औषधाला न जुमानणारा क्षय होण्याची भीती असते. पण केवळ गोळ्या पुरेशा आहेत काय? झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना दरमहा तांदूळ, डाळ असा पोषक आहार देऊन मोठा अभ्यास करण्यात आला. २०२३ मध्ये तो लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांना हा आहार मिळाला, त्या घरांतील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. औषधाने रोग्याला बरे केले आणि अन्नाने घरच्यांना वाचवले. क्षयरुग्णांना आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. अनेक पात्र कुटुंबांना याची माहिती नसते. ती पोहोचवणे आपल्या हातात आहे.

जेथे वाट पाहणे परवडत नाही

काही आजारांत प्रयोग करण्यास वेळच नसतो. सर्पदंश झाला तर प्रतिविष हाच उपाय. कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच रेबीजची लस घेणे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा तोंड वाकडे होणे, यांत तास मोजावे लागतात. मेंदूतील गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. स्तनात गाठ, दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, तोंडातील न भरणारी जखम, गर्भवतीचा रक्तस्राव किंवा झटके, येथेही आधी तपासणी करावी.

निसर्गोपचाराचे सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ते गांधीजी. त्यांना येरवड्याच्या तुरुंगात असताना ॲपेंडिक्सचा त्रास झाला. तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ रोजी कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि त्यांनी ती करून घेतली. प्रत्येक उपचाराची एक हद्द असते आणि ती ओळखावी लागते.

कायदाही येथे आपल्या बाजूने आहे. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा अनेक आजारांवर हमखास उपायाच्या जाहिराती करण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. 'मधुमेह मुळापासून घालवतो' अशी पाटी दिसली की ती पाटीच कायद्याविरुद्ध आहे, हे ओळखावे.

जमाखर्च कसा मांडावा?

कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी वहीत पाच ओळी लिहाव्यात, असे आम्ही सुचवतो. एक, औषधाची व तपासणीची किंमत. दोन, जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी. तीन, हा उपचार किती दिवस चालणार आणि गुण येत नसेल तर कधी थांबवायचा. चार, यात अपाय कोणता होऊ शकतो. पाच, या उपचारात वेळ गेला तर आजार किती पुढे जाईल. डॉक्टर असोत, वैद्य असोत की निसर्गोपचारक, सर्वांना हेच पाच प्रश्न विचारावेत. जो प्रश्नांनी रागावतो त्याच्याकडे सावधपणे पाहावे.

उदाहरणादाखल दोन घरे घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. पहिल्या घरात एका मजुराला महिनाभर खोकला आहे. तो सहा आठवडे काढ्याच्या पुड्या घेतो. आठवड्याला ३०० रुपयांप्रमाणे १,८०० रुपये झाले. तीन फेऱ्यांत प्रत्येकी ४०० रुपये मजुरी आणि १०० रुपये भाडे गेले, म्हणजे १,५०० रुपये. एकूण ३,३०० रुपये. दुसऱ्या घरात तरुणाला दोन दिवसांचा साधा विषाणूजन्य ताप आहे. तो तीन दिवस सुई व सलाईन घेतो. रोजच्या ७०० रुपयांप्रमाणे २,१०० रुपये आणि न लागणाऱ्या तपासण्यांचे १,२०० रुपये. एकूण पुन्हा ३,३०० रुपये. एकाने नैसर्गिक उपचार घेतला आणि दुसऱ्याने आधुनिक. पैसे दोघांचेही वाया गेले. दुसऱ्याला विश्रांती, भरपूर पाणी, पॅरासिटामॉलची गोळी आणि ताप टिकलाच तर सरकारी केंद्रात रक्ततपासणी एवढे पुरले असते. पहिल्याची थुंकी सरकारी दवाखान्यात मोफत तपासली गेली असती. शिवाय त्याला क्षय असेल, तर त्या सहा आठवड्यांत घरातील लहान मुलालाही लागण झालेली असू शकते. ती ओळ कोणत्याही पावतीवर छापलेली नसते, आणि सर्वांत मोठी रक्कम तीच असते.

आपल्या हक्काच्या सोयी

खर्च टाळण्यासाठी उपचार टाळण्याची गरज पडू नये, म्हणून काही सोयी आहेत. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरवून दिलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ते सलग्न रुग्णालयांतच मिळते. म्हणून दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे, रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवावे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आजारपण येण्याआधीच काढून ठेवणे शहाणपणाचे. बिलाचा तपशील मागणे, दरपत्रक पाहणे आणि औषध आपल्या पसंतीच्या दुकानातून आणणे हा रुग्णाचा हक्क आहे. तो मागताना संकोच करू नये.

समाजबांधवांना व विशेषतः विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच. तुमच्या घरात, शेजारी, वस्तीत कोणी आजारी पडले तर आधी आजार काय आहे ते तपासून घेण्याचा आग्रह धरा. जे पथ्य, जे चालणे, जे साधे अन्न फुकट मिळते ते औषध चालू असतानाही सोडू नका. ज्या औषधावाचून चालणार नाही ते कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आपल्या वस्तीतील शिकलेल्या चार मुलांनी मिळून एक वही करावी. तीत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ, सर्पदंशावरचे प्रतिविष कोठे मिळते, जन औषधी दुकान कोठे आहे, योजनेतील रुग्णालये कोणती आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लिहून ठेवावा. ही वही समाजमंदिरात सर्वांच्या हाताशी राहील अशा जागी ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तपासून नवी करावी.